नदीवरचं ऊन आणि ओठावरचा चट्टा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. मुलगा २३ वर्षांचा आहे. ४ वर्षं झाली, गणेशगुडीला काळी नदीवर राफ्टिंगचा गाइड म्हणून काम करतो. सीझनमध्ये सकाळी ९ला पाण्यात उतरतो तो संध्याकाळीच बाहेर. मान, हात कोळशासारखे झालेत, नाक आणि कान सारखे सोलतात. पूर्वी हा असा नव्हता हो, चांगला गव्हाळ होता. खालच्या ओठावर दोन महिने एक पांढरट चट्टाही आहे. राफ्टवर आलेल्या एका परदेशी पाहुण्याने त्याला सांगितलं, अशा उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो. तेव्हापासून मला झोप नाही. भावकीतले म्हणतात, तो गोऱ्यांचा रोग, आपल्याला होत नाही. रंग उजळावा म्हणून मेडिकलमधून क्रीम आणून देते, वर्षभर रोज रात्री लावतो. सोयरीक बघायला सुरुवात केलीय. काय करू?

उत्तर : ताई, रंगाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि ओठाबद्दल एक. मी ओठापासून सुरुवात करते.

खालचा ओठ पुढे आलेला असतो, त्याची कातडी पातळ आणि तिच्यात रंगद्रव्यही कमी. वर्षानुवर्षं उन्हाने भाजत राहिला की त्याच्यावर पांढरट, खरखरीत, सोलत राहणारा चट्टा येतो. हा कॅन्सर नव्हे. पण काही जणांत तो पुढे त्या वाटेला लागतो. तेविशीत असं होणं विरळा, तेव्हा घाबरून जाऊ नका. तरी दोन महिने टिकलेला चट्टा पत्रावरून ओळखता येत नाही, बोटाने चाचपून बघावा लागतो. आणखी एक विचारते, राग मानू नका. त्याच्या तोंडात तंबाखू किंवा गुटखा असतो का? निपाणीचा तंबाखू आपल्या दाराशीच, म्हणून हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारते. ऊन आणि तंबाखू एकाच ओठावर नकोत. या महिन्यातच त्याला बेळगावला दाखवा, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. शंका वाटलीच तर जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला काढतात. थोड्या मिनिटांचं काम आहे.

आता भावकीचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे तेच रंगद्रव्य, छत्रीसारखं काम करतं. ऑस्ट्रेलियात युरोपातून गेलेल्या गोऱ्या लोकांकडे ही छत्री नाही, म्हणून तिथे १९८१पासून ‘शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला’ अशी मोहीम चालवावी लागली. तिकडचे क्रिकेटर नाकाला आणि ओठाला ऊन अडवणारं पांढरं झिंक फासून उभे राहायचे, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. आपल्याकडे उन्हामुळे होणारा कातडीचा कॅन्सर खरोखरच कमी, आणि कुणी तुम्हाला त्याची भीती घालून महागडी ट्यूब विकत असेल तर त्याचं ऐकू नका.

पण ‘आपल्याला होतच नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. माझ्या मामाला लहानपणी चुलीवरचं पाणी सांडून पोटरीवर भाजलं होतं. चाळीस वर्षांनी त्या व्रणावर जखम झाली. तो भातशेतीचा माणूस, पाय सतत चिखलात, त्यामुळे सगळ्यांना वाटलं चिखल्या असतील. दोन वर्षं मलम बदलत राहिला. मी तेव्हा शिकत होते. सुट्टीत गावी आले, फडकं सोडून बघितलं, आणि काय ते कळलं. तोवर पाय वाचवण्याची वेळ टळून गेली होती. आपल्या लोकांत कातडीचा कॅन्सर बरेचदा असा येतो, जुन्या भाजल्याच्या व्रणावर, न भरणाऱ्या जखमेवर. मेलॅनोमा हा सगळ्यात वाईट प्रकार तर सावळ्या माणसांत तळव्यावर, तळहातावर, नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा संबंधच नाही. गायक बॉब मार्ली १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी गेला, त्याचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. तुमचा मुलगा दिवसभर ओल्या पायांनी दगडांवरून चालतो. तळव्यावर नवा काळा डाग, नखात वाढत जाणारी काळी रेघ, चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम, यातलं काही दिसलं तर ठेच लागली असेल म्हणून सोडून देऊ नका.

ऊन मात्र निर्दोष नाही. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९२ सालीच सूर्यकिरणांना कॅन्सरकारक म्हटलंय. आणि तुमच्या मुलाचा उन्हाचा हिशोब एका दिवसापुरत्या आलेल्या पाहुण्यासारखा नाही, तो दिवसाला सात-आठ तास, वर्षानुवर्षं चालणारा आहे. पाणी आरशासारखं ऊन परत फेकतं असं लोक म्हणतात. डोक्यावर सूर्य असताना संथ पाणी अतिनील किरणांचा, म्हणजे उन्हातल्या कातडी भाजणाऱ्या न दिसणाऱ्या किरणांचा, दहावा हिस्सासुद्धा परत पाठवत नाही. फेसाळ पाणी जास्त पाठवतं, समुद्राच्या फेसाचं माप चौथ्या हिश्शाचं आहे. खरी फसगत वेगळीच. मी मलप्रभेच्या काठची, लहानपणी उन्हाळाभर डोहात पडून असायचो. पाणी गार, वारा गार, म्हणून ऊन लागतंय हे कळतच नाही. अतिनील किरणांना ऊब नसते. लाली दिसायला तीन-चार तास लागतात आणि आग होते ती रात्री.

घड्याळाचंही सांगते. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखेच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो १२ला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. मेच्या पहिल्या आठवड्यात तर सावली पायाखालीच नाहीशी होते, तेव्हा दुपारचा अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांच्या जोराचं माप, ११च्या वर, म्हणजे शेवटच्या पायरीवर असतो. मुलाला एवढंच सांगा, स्वतःची सावली स्वतःपेक्षा आखूड दिसली की अंग झाकायचं. ढग असले तरी.

झाकायचं कशाने? खानापूरकडे रोप लावणीला बायका साडीवरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळतात. मला विचाराल तर यापेक्षा शहाणा सल्ला माझ्याकडे नाही. फक्त पातळ पांढरा सुती शर्ट नको, तो मुळातच थोडं संरक्षण देतो आणि भिजला की आणखी कमी. गडद रंगाचा, घट्ट विणीचा, लवकर वाळणारा फुल बाह्यांचा टी-शर्ट लाइफ जॅकेटच्या आत घालू दे. हेल्मेटने कान आणि मानेची मागची बाजू झाकली जात नाही, तिथे गळ्यातली कापडी पट्टी वर ओढायची. दोरी लावलेला गॉगलही हवा, नाहीतर वारा-उन्हाने बुबुळाकडे मांसाचा पडदा सरकत येतो.

उन्हापासून वाचवणारं क्रीम यानंतर. नेमाप्रमाणे सगळ्या अंगाला लावायचं तर एका वेळी ३० मिलि लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन दिवससुद्धा पुरणार नाही. गाइडच्या पगारात ते बसत नाही. म्हणून कपड्याने झाकून उरतं तेवढ्यालाच लावायचं : चेहरा, कान, हाताचे पंजे, पावलांची वरची बाजू. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं. ट्यूबवर एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा असतो, तो ३० पुरे. ते नीट लावलं तर भाजणारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० चं ९८ टक्के. पाण्यात टिकणारं घ्या, दर दोन तासांनी आणि टॉवेलने अंग पुसलं की पुन्हा. ओठाला एसपीएफ असलेला बाम, तो खिशातच राहू दे.

आणि ते रात्रीचं क्रीम. ट्यूबवरची बारीक अक्षरं कुणाकडून तरी वाचून घ्या. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. सोबत बरेचदा रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि कातडी सोलणारं ट्रेटिनॉइनही असतं. वर्षभर लावल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते आणि ऊन सोसेनासं होतं. ज्या पोराला दिवसभर उन्हात उभं राहायचंय, त्याचीच छत्री आपण रात्री फाडतोय. तुम्ही मायेनेच आणलंत, पण आता थांबवायला हवं. एकदम बंद केलं तर चेहरा लाल होऊन भडकू शकतो, म्हणून येताना ट्यूब घेऊन या, हळूहळू सोडवू. काळेपणा म्हणजे कातडीने स्वतःला वाचवण्याची केलेली धडपड आहे. ऊन झाकलं की काही महिन्यांत तो बराच उतरेल. सोयरिकीला जाल तेव्हा रंगाचा विषय आपल्याकडून काढू नका. तो उसळत्या पाण्यातून अनोळखी माणसं सुखरूप काठाला आणतो, ते सांगा.

प्रश्न : मी निपाणीचा, वय १९. सुट्टीत मालवणला स्नॉर्केलिंग केलं. फक्त ४० मिनिटं. पाठ आणि मांड्यांची मागची बाजू भाजून फोड आले, मित्रांना काहीच झालं नाही. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे.

उत्तर : कारण तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय. डॉक्सीसायक्लिनने कातडी उन्हाला हळवी होते. त्यात स्नॉर्केलिंगमध्ये आपण पालथे, पाठ आभाळाकडे. पाण्याखाली अर्धा मीटर गेलं तरी अतिनील किरणांचा साधारण ४० टक्के भाग पोचतो, आणि तुम्ही तर वरच तरंगत होता. फोड फोडू नका. गार पाण्याचं ओलं कापड ठेवा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, पू किंवा ताप आला तर लगेच दाखवा. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा, ते बदलून देतील. पुढच्या वेळी टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरा, आणि सकाळी आठची बोट घ्या.