नसेचं औषध, नशेचं औषध

"ताई, तो पंप थोडा वेळ बंद ठेवला तर चालेल ना?"

रात्री पावणेअकराला फोन आला तेव्हा पंप बंद करून चार तास झाले होते. परवानगी मागाहून मागितली जात होती, आणि मागे मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

इंदूरच्या सुदामानगरातलं मराठी घर. मुलगी ११ वर्षांची, इथे तिला मनू म्हणते. मंगळवारी पावलाची हाडं सरळ करायची शस्त्रक्रिया झाली, बुधवारी दुपारी प्लास्टरसकट घरी. गुडघ्याच्या मागे एक बारीक नळी, ती कमरेच्या पिशवीतल्या पंपाला जोडलेली. पंप म्हणजे मोटार नाही, बॅटरी नाही. औषधाने भरलेला फुगाच तो. आक्रसत जातो आणि ताशी ५ मिलिलिटर बधिर करणारं औषध पायाच्या मोठ्या नसेभोवती, म्हणजे मज्जातंतूभोवती, सोडतो. ३०० मिलिलिटर, म्हणजे ६० तास. दुखण्याचे सगळ्यात कठीण अडीच दिवस त्यात निघतात.

हे सगळं मी स्वतः वीस मिनिटं बसून आईबाबांना सांगितलं होतं. आजी तेव्हा खाली औषधाच्या दुकानात रांगेत होत्या.

बंद का केला, विचारलं तर आई चाचरली. मग फोन आजींकडे गेला. "अहो, तुमच्या सिस्टरच म्हणाल्या ना, नशे की दवा है, चलती रहेगी. एवढ्याशा पोरीला तीन दिवस नशा द्यायची?"

सिस्टर म्हणाल्या होत्या, 'नस की दवा'. आमच्या इंदूरात घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी 'स'चा 'श' झाला. बाबांचा गोंधळ वेगळाच. नस म्हणजे रक्ताची, असं धरून त्यांना वाटत होतं की सलाईनसारखं औषध सरळ रक्तात चाललंय. त्यात पाय लाकडासारखा बधिर. तिघांनी मिळून पंप बंद करायची नळीवरची क्लिप दाबली.

मी डॉक्टर नाही. रात्रपाळीच्या भूलतज्ज्ञांना त्याच फोनवर घेतलं. बोटांचा रंग कसा आहे, गरम आहेत का, हलतात का, सरळ करताना कळ वाढते का? तोंडाला धातूसारखी चव, कानात घूं घूं, ओठांभोवती मुंग्या, भलती गुंगी, झटके, यातलं काही झालं होतं का? नव्हतं. ही यादी आईबापांनी पाठच करावी, कारण क्लिप असते ती याचसाठी. यातलं काही दिसलं तर पंप लगेच बंद करून डॉक्टरांना फोन. झटके आले किंवा मूल जागं होईना, तर थेट रुग्णालय. मनूच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, क्लिप उघडा.

उघडली म्हणून लगेच आराम पडत नाही, हे मात्र आईला सांगणं अवघड गेलं. ताशी ५ मिलिलिटरने बधिरपणा परत यायला तास जातात. आणि पॅरासिटामॉल? सकाळपासून दिलीच नव्हती. "पंप आहे ना, मग गोळ्या कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. घोट्याच्या आतल्या बाजूची नस वेगळी असते, ती या नळीच्या हद्दीत येत नाही. म्हणून गोळी वेळेवर, दुखो न दुखो. मनूचं वजन ३६ किलो, डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅम लिहून दिली होती, दर सहा तासांनी. ती दिली, पाय उशांवर उंच ठेवला. दोनच्या सुमाराला ती झोपली.

दुसऱ्या दिवशी मी मनूशी एकटीशी बोलले. घरचे सांगत होते की साडेदहापर्यंत ती 'नाही दुखत'च म्हणत होती. का गं? "दुखतंय म्हटलं की सुई टोचतात." मोठ्यांच्या लक्षातच येत नाही हे. तेव्हापासून मी पालकांना सांगते, 'दुखतंय का' असं विचारू नका; शून्य ते दहात किती, ते विचारा, आणि आधी सांगा की सुई नाही, गोळी आहे. आकडा खोटा वाटला तर ताटाकडे बघा. मोबाईल हातात असून मूल गप्प पडून असेल, तरी समजा.

एका दुखण्याला मात्र थांबायचं नाही. पंप चालू, गोळ्या दिलेल्या, तरी कळ वाढतच चालली, बोटं फिकी किंवा थंड पडली, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, तर प्लास्टर आवळलं असेल किंवा आत दाब वाढला असेल. सकाळची वाट न बघता निघायचं.

आजींनी गरम पाण्याची पिशवीही तयार ठेवली होती, बोटं शेकायला. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. तेवढं सांगताच पिशवी कपाटात गेली. पट्टी थोडी ओली होती, त्याची त्यांना धास्ती. स्वच्छ पाणी पाझरणं नेहमीचं, पू, लाली किंवा ताप असेल तर फोन करा, म्हटलं.

चार तासांच्या खंडामुळे फुगा शुक्रवारी सकाळी सातच्या आसपास संपणार होता. बधिरपणा उतरायच्या आत गोळी पोटात हवी, म्हणून पाचचा गजर आजींनी लावला, आणि उठवलंही त्यांनीच. दुपारी नळी निघाली. मनू म्हणाली, चिकटपट्टी काढतानाच जास्त दुखलं.

संध्याकाळी तिने घरच्या दिनदर्शिकेचा फोटो पाठवला. गोळ्यांच्या वेळा आजींच्या अक्षरात, आणि शुक्रवारच्या चौकटीत, 'नसेचं औषध संपलं'. 'स'खाली दोन रेघा.