सॅकमधलं पाकीट आणि ‘मी जाडी दिसते’

ताई, मुलीच्या सॅकमध्ये सिगारेटचं पाकीट सापडलं हे तुम्ही आधी लिहिलंत, आणि ती काही महिन्यांपासून रात्री जेवत नाही, ‘मी जाडी दिसते’ म्हणते, हे शेवटी जाता जाता. मी आधी त्या शेवटच्या ओळीकडे बघेन. ज्युनिअर कॉलेजात समुपदेशन करताना मुलींकडून हे बऱ्याचदा ऐकलंय : “मॅम, एक ओढली की भूक मरते.”

मुली थापा मारत नाहीत. सिगारेटमधलं निकोटीन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या भागावर काम करतं, भूक काही वेळ दबते, चयापचयही थोडं वाढतं. सिगारेटवाल्यांनी यावर कधीच धंदा केलाय. १९२८-२९ च्या सुमारास अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ची जाहिरात बायकांना सांगत होती, गोड खाण्याऐवजी लकी घ्या. मिठाईवाले चांगलेच खवळले होते! १९६८ मध्ये आलेल्या ‘व्हर्जिनिया स्लिम्स’च्या तर नावातच सडपातळपणा.

वजनाची धास्ती घेणारी प्रत्येक मुलगी सिगारेट ओढत नाही. पण डाएटच्या मागे लागलेल्या मुली पुढे सिगारेटकडे वळण्याची शक्यता जास्त, असं किशोरवयीनांवरच्या काही अभ्यासांत दिसलंय. पुढचा पेच वेगळाच. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, आणि त्या भीतीनेच सोडणं लांबतं. शिवाय ओढणाऱ्यांमध्ये चरबी पोटाभोवती साचण्याकडे कल असतो, म्हणजे जे टाळायचं तेच पदरात.

तिचे बाबा कॅन्सरचे फोटो दाखवून ओरडले म्हणता. सोळाव्या वर्षी चाळिशीतला कॅन्सर कोणाला दिसतो? दिसते ती उद्याची जीन्स. तुम्ही एकट्या बसून सरळ विचारा, “भूक मारायला ओढतेस का?” उत्तर काहीही आलं तरी लगेच उपदेश नको. घरातला वजनकाटा माळ्यावर टाका. आणि लग्नकार्यात “काय गं, अंगाने सुटलीस!” म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना तिच्यादेखत गप्प करा. हे काम आईनेच करायचं, मुलीला जमत नाही.

पाळी चुकतेय, चक्कर येते, जेवून उलट्या काढते, असं काही असेल तर सिगारेटचं नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा. सोडायची तिची तयारी झाली की १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे सिगारेट-तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा आहे. फोन तिलाच करू द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा.