अमेरिकेत येताना: मुलाची स्पीच थेरपी आणि तुमची एमएएसएलपी

तुमचे प्रश्न दोन. अडीच वर्षांचा मुलगा अजून मोजकेच शब्द बोलतो, त्याच्यासाठी अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट कसा शोधायचा? आणि तुमची एमएएसएलपी, म्हणजे वाचा-श्रवण उपचारातली मास्टर्स पदवी, इथे चालेल का? आधी मुलाचं बघू, कारण त्याला मुदत आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांना मदत करणारी सरकारी सेवा, असते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईवडील थेट फोन करू शकतात आणि तपासणी मोफत होते. नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि मदतीचा आराखडा ठरवणारी पहिली बैठक व्हायला हवी. तिसरा वाढदिवस झाला की हे काम स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, जातं. म्हणून राहायचा पत्ता ठरला की त्याच आठवड्यात फोन करा. कानांची तपासणी मात्र निघण्यापूर्वी करून रिपोर्ट सोबत आणा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. मराठी बंद करू नका. कुणीतरी म्हणेलच, "त्याचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्रजी बोला." दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. माझ्या मुलाच्या पहिल्या तपासणीत चिमणीचं चित्र पुढे आलं. तो खुशीत "चिऊ!" म्हणाला आणि समोरच्या कागदावर फुली पडली. अशा पाच-सहा चित्रांनंतर त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी स्वतः याच व्यवसायातली, तरी त्या खोलीत गप्प बसले, याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही बोला. शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत तपासणी करायची असं कायदाच सांगतो, तेव्हा दुभाषी मागा. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायला सांगा. तो घरी खेळताना बोलतो त्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ न्या.

खासगी थेरपिस्ट हवा असेल तर अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या, म्हणजे आशाच्या, प्रोफाइंड यादीत भाषेनुसार शोधता येतं. मराठी येणारा मिळणं कठीण. द्विभाषिक मुलांसोबत काम केलेला मिळाला तरी पुष्कळ. नावापुढे सीसीसी-एसएलपी, म्हणजे आशाचं स्पीच थेरपिस्टचं प्रमाणपत्र, आहे ना, ते बघा.

तुमची पदवी थेट चालत नाही. आशाचा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या संघटनांशी एकमेकांची प्रमाणपत्रं मानण्याचा करार आहे, भारताशी नाही. तेव्हा सीसीसीसाठी हे सगळं लागतं: पदवीचं मूल्यमापन, प्रॅक्सिस या व्यवसायाच्या राष्ट्रीय परीक्षेत किमान १६२ गुण, मग देखरेखीखाली ३६ आठवड्यांची, १२६० तासांची फेलोशिप, आणि राज्याचा परवाना वेगळा. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, येत असाल तर कामाची परवानगी आपोआप मिळत नाही, हेही धरून चाला.

शिवाय शिकतानाच्या ४०० क्लिनिकल, म्हणजे रुग्णांसोबतच्या, तासांचा हिशेब द्यावा लागतो. माझ्या नोंदवहीवर सही करणाऱ्या मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्या एका कागदापायी माझे सात महिने गेले. तुम्ही तासांच्या नोंदी, गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत सहीशिक्क्यानिशी, सीलबंद पाकिटात, निघण्यापूर्वीच घ्या. दोन-दोन संच.