वय झाल्यावर वेल्डिंग करताना जोड दिसेनासा झाला, तर उजेड कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की वय ५६, हात अजून स्थिर आहे, पण हेल्मेट खाली घेतलं की जोड सापडत नाही. छताला आणखी दोन ट्यूब लावल्या, तरी काडीचा फरक पडला नाही. मी ६१ चा आहे आणि अजूनही जवळजवळ रोज होल्डर हातात असतो. दोन वर्षांपूर्वी एका चौकटीला मी चांगला वीतभर वेल्ड मारला, एकसारखा, बघत राहावा असा. वेल्डवरचा स्लॅग (कडक मळीचा थर) ठोकून काढल्यावर मदतीला असलेला मुलगा हळूच म्हणाला, "काका, जोड इकडे राहिला." अर्ध्या इंचाने चुकलो होतो. तेव्हापासून या प्रकाराचा नीट विचार केला, तो सांगतो.

आधी ट्यूबचं बघू. तुमच्या खोलीत ३०० लक्स उजेड आहे असं धरा. हेल्मेटच्या १० नंबरच्या काचेतून (नंबर जितका मोठा, तितकी काच गडद) साधारण ०.०१४ टक्के उजेड आत येतो. म्हणजे डोळ्याला मिळाले ०.०४ लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याहूनही कमी. ट्यूब दुप्पट केल्या तर ०.०८ होतील. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर आपले डोळे. वयाबरोबर बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, आतलं भिंग पिवळसर होतं आणि साठीच्या सुमारास पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. चाळिशी लागलेली असते ती वेगळीच.

म्हणून उजेड खोलीत वाढवू नका, जोडावर आणा. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो, हा हिशेब तुमच्या बाजूने आहे. एक चांगला एलईडी कामाचा दिवा जोडापासून फूटभर अंतरावर आणला तर जोडावर दहा हजार लक्सच्या आसपास मिळू शकतात. त्याचे १० नंबरमधून दीडेक लक्स उरतात. फार नाही, पण रॉड कुठे टेकवायचा हे कळण्यापुरती रेघ दिसते. भरपूर उजेडाचा आणखी एक फायदा म्हणजे बाहुली बारीक होते आणि जवळचं आपोआप थोडं स्पष्ट दिसतं. पेपर उन्हात धरला की चष्म्याशिवायही वाचता येतो, तोच प्रकार.

दिवा कुठे ठेवायचा यात खरी मेख आहे. सरळ वरून मारलेला उजेड घासलेल्या लोखंडावरून थेट डोळ्यात परततो आणि जोड त्या चकाकीत हरवतो. दिवा बाजूला आणि खाली ठेवा, म्हणजे उजेड पत्र्यावरून घसरत, जोडाला आडवा जाईल. मग फट काळी रेघ होऊन उठते. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडे, थोडा पुढे. नाहीतर स्वतःच्याच हाताची आणि रॉडची सावली नेमकी कामावर पडते. मान लवचीक असलेला किंवा स्टँडवर सरकवता येणारा दिवा घ्या, कारण दर जोडाला जागा बदलावी लागते. पूर्वी आम्ही ५०० वॉटचा हॅलोजन वापरायचो. उजेड छान, पण तो भट्टीसारखा तापतो आणि केबल किंवा फडकं जवळ असलं की भीती वाटते. मी परत त्याच्याकडे जाणार नाही.

चुंबकाचे दिवे सोयीचे असतात, पण चुंबक जॉबवर, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यावर, चिकटवू नका, टेबलाच्या पायाला किंवा वेगळ्या स्टँडला लावा. डीसी करंटवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या) जोडाजवळ चुंबक असला की आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, एका बाजूला ओढला जातो आणि आपण उगाच रॉडला शिव्या देत बसतो. शिवाय विजेवर चालणारा, धातूच्या अंगाचा दिवा जॉबला टेकलेला असेल आणि वेल्डिंगच्या परतीच्या तारेचा क्लॅम्प नीट बसलेला नसेल, तर करंट परतीची वाट दिव्याच्या अर्थिंगच्या तारेतून काढतो. तार जळते. जॉबवर दिवा ठेवायचाच असेल तर बॅटरीचा, आणि चुंबकाविना.

आता उलटी बाजू. पाठीमागे खिडकी किंवा ट्यूब असेल तर तो उजेड हेल्मेटच्या मागून आत शिरतो, काचेच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि तुम्हाला जोडाऐवजी स्वतःचा चष्मा आणि नाक दिसतं. तुम्ही लावलेल्या दोन ट्यूब डोक्यामागे असतील तर त्यांनी काम बिघडवलंच असणार. त्या बंद करून बघा. खिडकीकडे तोंड करून बसा, किंवा हेल्मेटला मागून जाड, न पेटणारं कापड लावून मानेपर्यंत सोडा. बिनखर्चाच्या उपायांत मला सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

हेल्मेट ऑटो (आर्क पेटताच काच आपोआप गडद होणारं) आहे की जुन्या काचेचं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. ऑटो असेल तर आर्क नसताना काच साधारण ३ किंवा ४ नंबरवर असते. ४ मधून ५ टक्के उजेड येतो, ३ मधून १४ टक्के. एका नंबराने जवळजवळ पावणेतीनपट फरक पडतो, त्यामुळे नवं घेताना गडद नंबराइतकीच उघड्या अवस्थेतल्या नंबराचीही चौकशी करा. आर्क चालू असतानाही तोच हिशेब आहे. ११ वर काम करत असाल आणि करंट १५० अँपिअरच्या आत असेल तर स्टिकला (रॉडच्या वेल्डिंगला) १० चालतो, करून बघा. अतिनील आणि अवरक्त किरण चांगल्या ऑटो हेल्मेटमध्ये नंबर कुठलाही असला तरी अडवलेलेच असतात. पण दिसत नाही म्हणून नंबर आणखी उतरवत जाऊ नका. काम संपल्यावर डोळ्यांसमोर डाग तरंगत असतील तर नंबर कमी पडतोय. आणि हो, बाहेरची साधी संरक्षक काच शेवटची कधी बदललीत? छर्रे आणि धूर बसून ती दुधाळ होते आणि रोजची सवय असल्याने आपल्याला कळतही नाही.

चष्म्याबद्दल. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह घालून वेल्डिंग म्हणजे मानेला शिक्षा. जवळचा नंबर खाली असतो, त्यामुळे हनुवटी वर करून बघावं लागतं आणि त्यात हेल्मेटचं वजन. कामाच्या पोझमध्ये बसा, दुसऱ्या कुणाला तरी टेपने डोळ्यापासून जोडापर्यंतचं अंतर मोजायला लावा आणि चष्मेवाल्याला सांगा की फक्त या अंतराचा, एकाच नंबराचा चष्मा हवा. वाचायच्या चष्म्याचं अंतर बहुतेक वेळा याहून कमी असतं, म्हणून तो इथे कामाला येत नाही. हेल्मेटच्या आत बसवायचं भिंगही मिळतं, १ ते ३ नंबरपर्यंत. हिशेब सोपा आहे: २ नंबर ५० सेंटिमीटरला, अडीच नंबर ४० ला. डोळ्यात थोडी ताकद शिल्लक असते, म्हणून हिशेबापेक्षा कमी नंबरनेच सुरुवात करा. तिरप्या नंबराचा चष्मा असेल तर नुसतं भिंग पुरणार नाही, चष्मा आणि भिंग दोन्ही लागतील.

खुणेसाठी मी जोडाच्या दोन्ही बाजूंना शंखजिऱ्याच्या खडूने रेघा मारतो आणि लांब जोड असेल तर मध्ये पंचचे ठिपके. काळ्या पत्र्यावर पांढरी रेघ आर्कच्या उजेडातही दिसत राहते.

एक गोष्ट मात्र दिव्याने सुटणार नाही. उजेड वाढवल्यावर दिसायला लागण्याऐवजी सगळं धुरकट होत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तर मोतीबिंदूची शंका येते. भिंग गढूळ झालं की जास्त उजेड आतच पसरतो. अशा वेळी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, मग दिव्याच्या दुकानात.

दिवा विकत घेण्याआधी मोबाईलच्या टॉर्चवर एक प्रयोग करा. मशीन बंद ठेवा. ऑटो हेल्मेट असेल तर ते घालून, जुन्या काचेचं असेल तर ते वर करून जॉबसमोर बसा आणि कुणाला तरी टॉर्च जोडाभोवती हळूहळू फिरवायला सांगा, आधी वरून, मग बाजूने, मग अगदी पत्र्याच्या पातळीवर. एका जागी फट एकदम काळी होऊन उठेल. तिथे टेबलावर खडूने फुली मारा, दिव्याची जागा तीच.