फोडाफोडी सुरू करायच्या आधी एवढं वाच

बाळ, अनेक आशीर्वाद.

घर नवीन करायला म्हणून तू पाठवलेले डिझाइनचे फोटो सगळे नीट बघितले. करड्या टाइल्स, पांढरं किचन, काळे नळ, टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनल आणि सीलिंगमधे लपवलेल्या लाइटी. छान आहेत, खोटं कशाला बोलू. बाबांचं म्हणणं पण कळलं, की आहे तसंच राहू दे, नुसता रंग मारा, सगळंच कशाला फोडूलालीस. मला दोघांचंही अर्धं पटतं, आणि कुठलं अर्धं ते नीट सांगावं म्हणून फोनवर न बोलता लिहायला बसलोय.

वरच्या मजल्यावरची मोझाइक फरशी तुला जुनाट वाटते ना, पण तुझ्या आजोबांनी ती घातली तेव्हा ती एकदम लेटेस्ट होती. पेठेतल्या बऱ्याच घरांना तेव्हा माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं आणि खाली शहाबादी नाहीतर सारवलेली जमीन, त्यात मोझाइक म्हणजे फॅशनच. मग ती आजपर्यंत राहिली कशी? तर ती खराब झाली की मशीन लावून घासता येते, पॉलिश करता येते, आतला दगडाचा चुरा परत चमकतो. त्यामुळे एखादी गोष्ट टिकेल का हे ठरवताना ती जुनी दिसते का नवी हे मी बघत नाही, ती बिघडली तर आपल्या सोलापुरातला कारागीर इथं मिळणाऱ्या सामानात ती नीट करू शकेल का आणि त्यासाठी काय काय फोडावं लागेल, एवढंच बघतो. तू पण प्रत्येक फोटोला हाच प्रश्न विचार.

म्हणून मोझाइक काढू नको, घासून घे. खालची शहाबादी पण ठेव. शहाबाद तसं आपल्या शेजारीच, गुलबर्ग्याहून वाडीकडे जाताना लागतं, त्यामुळे एखादी लादी फुटली तरी जुळणारी मिळते, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा अनवाणी पायाला त्या फरशीचा थंडावा काय असतो ते तुला मी सांगायला नको. फक्त एक, तो चुनखडीचा दगड आहे, त्याच्यावर ॲसिड टाकून धुवायचं नाही, पांढरे चट्टे पडतात ते नुसतं पुसून जात नाहीत. जिथं नवीन टाइल घालणारच आहेस तिथं एक बॉक्स जास्तीचा त्याच लॉटमधला घेऊन ठेव, नंतर तीच शेड मिळत नाही.

आता किचन, तुझा सगळा जीव त्यात अडकलाय आणि माझा पण. ओपन किचनसाठी मधली भिंत काढायची म्हणतेस, तर आधी हे समजून घे की तुमचं खालचं घर आरसीसी फ्रेमचं, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवरचं नाहीये, १८ इंची दगडी भिंतींवर वरचं सगळं वजन आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितल्याशिवाय त्या भिंतीला छन्नी लावायची नाही, कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणू दे की काही होत नाही मॅडम. आणि आई ठेचा करायला बसली की तो खाट दिवाणखान्यात येणार, त्याचाही विचार कर.

त्यापेक्षा ओट्याखाली कडप्प्याचे उभे खण करून घे, आपल्याकडे पूर्वीपासून करतात तसे, आणि त्याला फक्त शटर बाहेरून लाव. मला ही पद्धत लै आवडते. सिंकखाली पाणी गळलं तर प्लायचा किंवा पार्टिकल बोर्डाचा खोका फुगतो, वाळवी लागते, मग अख्खं किचन उचकटायचं. कडप्प्याला यातलं काहीच होत नाही. त्याच्यावर शटर तुला हवं ते, हिरवं लाव, फिकट गुलाबी लाव, ७-८ वर्षांनी कंटाळा आला की नुसती शटरं बदल, खण तसेच राहतात. शटरचं प्लाय मात्र आयएस ७१० चा शिक्का असलेलं, बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारं, आणि ते दुकानात स्वतः बघून घे. हँडल दोन भोकांमधे ९६ नाहीतर १२८ मिलिमीटर अंतर असलेलं घे, ही मापं सगळीकडे चालतात म्हणजे पुढं स्टाइल बदलली तर नवीन भोकं पाडायला नकोत. ओट्याला पांढरा क्वार्ट्झ म्हणतेस, तो दिसतो सुंदर पण त्यात रेझिन असतं, भाकरीचा तापलेला तवा थेट टेकवला की डाग कायमचा, आणि आपल्या घरात तवा टेकवला जाणारच. काळा ग्रॅनाइट घे, किंवा रंगच हवा असेल तर इलकलचा लाल बघ, विजापूरच्या पुढंच आहे. शेंगा चटणीचा खलबत्ता मात्र ओट्यावर नको, त्याला खाली फरशीवर एक कोपरा ठेव.

बाथरूमचं थोडक्यात सांगतो. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, आणि बोअरचं वापरलं तर क्षार एवढे की काळ्या मॅट नळावर महिन्याभरात पांढरे ओघळ दिसायला लागतात, काचेच्या पार्टिशनचंही तेच. साधे क्रोमचे नळ घे, पुसले की झाले. भिंतीत गाडलेले डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारे, जितके कमी तितकं बरं, कारण त्यातलं काही बिघडलं आणि हात आत गेला नाही की टाइल फोडण्यावाचून इलाज नसतो. टाइल लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेव आणि खालच्या खोलीचं छत बघ. यात घाई कुणालाही करू देऊ नको, बाबांना पण नाही.

फॉल्स सीलिंगला माझा सरसकट विरोध नाही. वरच्या मजल्यावर त्याने थोडी गर्मी कमी होते, पण ऊन मुळात स्लॅबमधून येतं, त्यामुळे पहिला पैसा गच्चीवर घाल, पांढरे चायना चिप्स (टाइलचे तुकडे) नाहीतर कूल रूफचा पांढरा रंग, मग उरले तर सीलिंग. पश्चिमेला मोठी काच लावू नकोच. आणि ते पट्ट्यांचं पॅनल, अगं आपल्या गावात धूळ किती, त्या खाचा रोज कोण पुसणार? आईच ना?

वायरिंग मात्र सगळं नवीन. एसीला ४ स्क्वेअर मिलिमीटर वायरची वेगळी लाइन, अर्थिंग नीट, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि दोनचार पाइप रिकामे टाकून ठेव, पुढं काय लागेल आज कुणाला माहिती. हे कुठल्याच फोटोत दिसत नाही म्हणून इथंच पैसे वाचवायचा मोह होतो, तो धरू नको.

मग तुझी हौस कुठं करायची? भरपूर जागा आहे की. भिंतींचा रंग, पडदे, लाइटच्या शेड्स, स्विचच्या प्लेट्स, गाद्यांची कव्हरं, आरसे. दिवाणखान्यातली एक भिंत तुला तो गडद हिरवा द्यायचाय तर बिनधास्त दे, बाबांना मी समजावतो, रंग एका दिवाळीला बदलतो. आणि त्या पॅनलच्या जागी आपल्या पद्मशाली विणकरांचं वॉल हँगिंग लाव, तुझ्या मापात, तुझ्या रंगात विणून मिळतंय का ते पूर्व भागात जाऊन विचार. नवीन तर नवीन आणि आपल्या गावचं.

जुन्या सागवानी चौकटी आणि दारं कुणालाही देऊ नकोस. 'कचरा आहे, घेऊन जातो' असं म्हणणारा माणूस येईलच. काढायच्या आधी प्रत्येकाचं माप आणि फोटो घेऊन ठेव, रंग खरवडून पॉलिश केलं की खालचं लाकूड बघ कसं निघतं.

अंगणातला हौद बुजवून गाडी लावायला जागा करायचं तू शेवटच्या मेसेजमधे लिहिलंस. ते आधी थांबव. चार दिवस पाणी आलं नाही तर आई काय करणार? हौदावर जाड स्लॅब टाकून, वर माणूस उतरेल एवढं झाकण ठेवून त्याच्यावरच गाडी लावता येते, फक्त ते डिझाइन इंजिनिअरने करायला पाहिजे. हौदाची लांबी, रुंदी, खोली मोजून कळव, आणि भिंत विटांची आहे का दगडाची ते पण बघ. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी संपली की मी येतो, तोवर कुणाला ॲडव्हान्स देऊ नको.

तुझा,
काका