बायबलमधली मेंढरं, बैल आणि जू: प्रतीकं की खरी जनावरं?

तुमचा प्रश्न असा आहे: बायबलमध्ये मेंढपाळ, मेंढरं, बैल, जू, पेरणी, मळणी यांचे इतके उल्लेख का येतात, ते केवळ प्रतीक म्हणून वाचायचे का, आणि त्या काळी लोक जनावरांची खरोखर काळजी घ्यायचे का.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शेतकरी घरातला. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. धर्मशास्त्र शिकलेलो नाही, पण रविवारी जे वचन कानावर पडायचं त्यातलं जनावर सोमवारी माझ्यासमोर उभं असायचं. त्यामुळे माझं मत आधीच सांगतो. बायबलमधलं जनावर आधी जनावर आहे, प्रतीक नंतर. ऐकणारे बहुतेक लोक शेती आणि कळपावर जगणारे होते. ‘मेंढपाळ’ म्हटलं की त्यांना कॅलेंडरवरचं चित्र दिसत नसे, अंगाला लेंड्यांचा वास येणारा शेजारी दिसत असे. ते काम डोळ्यांपुढे आणलं की प्रतीक आपोआप उलगडतं.

जू घ्या. ‘माझे जू सोयीचे’ असं येशू म्हणतो (मत्तय 11:30). लहानपणी हे ऐकताना मला कोडं पडायचं, की जू सोयीचं कसं असेल? ते नोकरीत सुटलं. ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे खांदेसुजीचे बैल यायचे. खांद्याला नुसता हात लावला तरी बैल मान झटकायचा. कातडी गरम, वर टेंगूळ, कधी पिकून पू झालेला. कारणं ठरलेली: जू खडबडीत, गाडीचा भार पुढे आलेला, किंवा जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा. औषध आम्ही द्यायचोच, पण पहिला इलाज म्हणजे जू उतरवणं आणि नंतर ते त्या बैलाच्या मापाचं करून घेणं. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहून गेला आहे की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू तयार करत असे. म्हणजे जू तासताना कुठली कड खांद्याला काचेल हे हाताला ठाऊक असलेला माणूस ते वाक्य बोलतो आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगलं, वापरायला सुखाचं, मायाळू असा आहे, आणि आपल्या भाषांतरातला ‘सोयीचे’ हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. काम सुटत नाही, ओझं ओढायचंच आहे, पण खांदा सुजणार नाही.

बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नको, हा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला नियमही (22:10) तिथूनच समजतो. उंची वेगळी, पाऊल वेगळं, ताकद वेगळी. गाढव फरफटतं आणि बैलाच्या मानेवर जू तिरकं बसतं. प्रेषित पौलाने विजोड जोडीची उपमा दिली ती याच अनुभवावर उभी आहे.

आता मळणी. ‘मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नकोस’ (अनुवाद 25:4). हा नियम एका ओळीचा आहे, पण माझ्या मनात तो सगळ्यात खोल बसलेला आहे, कारण आमच्या खळ्यावर मी तो पाळलेला पाहिला. मध्ये तिवडा म्हणजे बैल फिरवायचा खांब, भोवती ज्वारीची कणसं पसरलेली, पात म्हणजे बैलांची रांग धरलेली. शेजारच्या खळ्यांवर बैलांच्या तोंडाला सुतळीची मुसकी असायची. आजोबा बांधत नसत. बैल दोन-तीन फेरे घालायचे, मग एखादा मान खाली घालून तोंड भरून घ्यायचा आणि चालता चालता चघळायचा. कोणी टोकलं तर आजोबा म्हणायचे, ‘त्याच्या पायाखालून निघालंय, त्याला नको?’ पुढे दवाखान्यात काम करताना मुसक्याची दुसरी बाजूही कळली. बैलाने एकदम फार दाणा खाल्ला तर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. म्हणून मुसकं बांधणारा प्रत्येक जण कंजूषच असतो असं मी म्हणणार नाही. पण नियमाचा रोख स्पष्ट आहे: जो राबतो त्याने त्यातलं खायचं. पौल हाच नियम सुवार्तेसाठी राबणाऱ्यांना लावतो आणि विचारतो, देवाला बैलांचीच काळजी आहे काय (1 करिंथ 9:9)? काही जण त्यावरून म्हणतात की तो नियम बैलासाठी नव्हताच. मला ते पटत नाही. बैलाचा हक्क खरा मानला तरच तो युक्तिवाद मजुरापर्यंत पोचतो.

इथे एक अडचण सांगतो, जी मराठी वाचकालाच येते. आपण हे सगळं आपल्या शिवारावर बेतून वाचतो आणि ऋतू चुकतात. आपल्या भाषांतरात ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस असे शब्द येतात. शब्द गोड आहेत, पण आपला वळीव एप्रिल-मेमध्ये येतो आणि आगोट त्याच्या मागून. तिकडे इस्राएल देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, उन्हाने दगड झालेली जमीन भिजवतो, मग नांगरट आणि पेरणी. मोठा पाऊस हिवाळ्यात. शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरायच्या वेळी. सातू आधी निघतो, गहू त्याच्या मागून, आणि नंतर जवळजवळ ऑक्टोबरपर्यंत आकाश कोरडं. म्हणून गव्हाच्या कापणीच्या दिवसांत संदेष्टा शमुवेलाच्या प्रार्थनेने पाऊस पडला तेव्हा लोक घाबरून गेले (1 शमुवेल 12). आपल्याला तो अवकाळी वाटतो. त्यांना तो अशक्य वाटला. हे वर्षाचं चक्र किती जुनं आहे ते पाहायचं तर त्याच देशातल्या गेझेर इथे 1908 मध्ये सापडलेली चुनखडीची छोटी पाटी आहे, इ. स. पूर्व दहाव्या शतकातली, आज इस्तंबूलच्या संग्रहालयात. तिच्यावर पेरणीचे महिने, उशिराच्या पेरणीचे महिने, जवसाचा महिना, सातूच्या कापणीचा महिना असं शेतकऱ्याचं अख्खं वर्ष कोरलेलं आहे.

बी पेरणाऱ्याचा येशूचा दाखलाही असाच: काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या मातीत. आमच्या आजीला तो कधी पटला नाही. ‘पाभरीने पेरल्यावर बी वाटेवर कसं पडेल?’ पाभरीच्या चाड्यात बियाची मूठ सोडणाऱ्या बाईचा प्रश्न बरोबरच होता. पण दाखल्यातला शेतकरी पाभर धरत नाही, तो बी हाताने फोकतो. डोंगरउतारावरचं लहान शेत, मधून माणसांची पायवाट, कुठे थोड्याशा मातीखाली चुनखडीचा खडक, कडेला काटेरी झुडपं. अशा शेतात फोकलेलं बी चारही ठिकाणी पडणारच. तो निष्काळजी नाही, पेरण्याची रीतच ती.

मेंढरांबद्दल मात्र आपल्याकडचा अनुभव फार उपयोगी पडतो, एक गोष्ट सोडून. संदेष्टा यशया म्हणतो की तुमची पापं किरमिजी असली तरी लोकरीसारखी होतील (1:18). दख्खनी मेंढरं आणि काळं घोंगडं पाहत वाढलेल्या मुलाला यात पांढरेपणा कुठून दिसणार? त्यांची मेंढरं बहुतेक पांढरी आणि शेळ्या काळ्या, हे कळल्यावर उलगडतं.

बाकी धनगरांचा वाडा आमच्या रानात उतरायचा तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मी डोळ्यांनी पाहिला. एका संध्याकाळी पाझर तलावावर दोन वाडे एकाच वेळी पाण्याला आले आणि मेंढरं एकमेकांत मिसळली. मी मनात म्हटलं, आता ही रात्रभर निवडत बसणार. दोघांपैकी कोणीही काठी उचलली नाही. एक जण चालायला लागला आणि त्याने जीभ टाळूला लावून त्याची ती हाक दिली. पंधरा-वीस माना वर झाल्या, मग पन्नास, आणि त्याची मेंढरं त्या गर्दीतून वेगळी होऊन त्याच्या मागे निघाली. दुसऱ्याची तशीच पाणी पीत राहिली. ‘ती त्याचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जाणार नाहीत’ हे येशूने अलंकार म्हणून रचलेलं वाक्य नाही. रात्री वाघूर लावून मेंढरं आत घेतली की एक जण तोंडाशीच घोंगडं टाकून आडवा व्हायचा. ‘मी मेंढरांचे दार आहे’ हे वाचताना मला तोच दिसतो.

मेंढपाळाच्या कामाचं सगळ्यात खरं वर्णन मला याकोबाच्या तोंडचं वाटतं. सासरा लाबान याच्याकडे वीस वर्षं राबून तो निघतो तेव्हा हिशेब सांगतो (उत्पत्ती 31): तुझ्या मेंढ्या-शेळ्या गाभडल्या नाहीत, तुझ्या कळपातले एडके मी खाल्ले नाहीत, फाडलेलं जनावर मी माझ्या अंगावर घेतलं, दिवसा उन्हाने आणि रात्री गारठ्याने माझी झोप उडाली. पुढे भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन भेटतो आणि म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो. माझ्याजवळ पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई आहेत. एक दिवस दौडवलं तरी सगळा कळप मरेल. मी गुरांच्या आणि मुलांच्या चालीने हळूहळू येतो (33:13-14). त्याच्या मनात एसावाची भीतीही होती, हे मला माहीत आहे. पण सबब म्हणून त्याने जे सांगितलं ते अक्षरशः खरं आहे. गाभण आणि पाजणाऱ्या मेंढ्या लांब पल्ल्याला हाकल्या की काय होतं ते मी दुष्काळात पाहिलं आहे. रस्त्याच्या कडेला पडलेली गाभडलेली कोकरं आणि दूध आटलेल्या आया. ‘पाजणाऱ्यांना तो सांभाळून नेतो’ असं यशया (40:11) देवाबद्दल म्हणतो तेव्हा तो या साध्या कळपज्ञानावरच बोलतो आहे: चाल सगळ्यात अशक्त जनावराची.

संदेष्टा आमोस स्वतः तकोवा गावचा गुराखी. तो म्हणतो, मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा सोडवून आणतो (3:12). हे ऐकायला भयंकर वाटतं, पण ते पुराव्याचं बोलणं आहे. ‘निर्गम’ या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे (22:13) राखणीला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं तर राखणाऱ्याने अवशेष आणून दाखवायचे, म्हणजे भरपाई द्यावी लागत नाही. बिबट्याने शेळी नेली की आजही पंचनाम्याला काहीतरी दाखवावंच लागतं, आणि विम्याच्या जनावराला कानातला बिल्ला. आमोसाचा तो कानाचा तुकडा मला दर पंचनाम्याला आठवायचा.

एक गोष्ट लपवून उत्तर देणं बरोबर होणार नाही. हेच लोक जनावरांचे बळी देत. वल्हांडण सणाचं कोकरू एक वर्षाचं, नर, निर्दोष हवं, दहाव्या दिवशी निवडायचं आणि चौदाव्यापर्यंत सांभाळायचं (निर्गम 12). चार दिवस जवळ ठेवलेलं कोकरू हाताला चाटायला लागतं, मुलं त्याला नाव ठेवतात. येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटलं त्या शब्दांत हा जवळचा जीव जाण्याचा सल आहे असं मला वाटतं. त्या बळींनाही बंधनं होती: पिल्लू सात दिवस आईपाशी राहिलंच पाहिजे, आणि आई व पिल्लू एकाच दिवशी कापायचं नाही (लेवीय 22).

आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा दिवस. दहा आज्ञांतल्या विसाव्याच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्या रांगेत बैल आणि गाढव नावानिशी येतात (अनुवाद 5:14). याचा एक धागा थेट आपल्या कोकणात आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा बंद म्हणजे त्या दिवशी घाण्याचा बैलही मोकळा. येशूही शब्बाथावरच्या वादात हाच आधार घेतो: तुमच्यातला कोण शब्बाथ दिवशी बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेत नाही? कोणाचं मेंढरू खड्ड्यात पडलं तर तो वर काढणार नाही? समोरचे गप्प होतात, कारण ते सगळे तसं करत होते. काळजी घ्यायचे का, या तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते हेच सगळ्यात भक्कम उत्तर आहे.

‘नीतिमान आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो’ हे नीतिसूत्र (12:10) तुम्ही ऐकलं असेल. हिब्रूत तिथे शब्दशः आहे, तो आपल्या पशूचा जीव ‘जाणतो’. तेच दोन शब्द, जाणणं आणि नेफेश म्हणजे जीव, निर्गम 23:9 मध्ये येतात: परक्याला छळू नका, परक्याचा जीव तुम्ही जाणता, कारण मिसर देशात तुम्ही परके होता. आणि त्याच अध्यायात, चार ओळी वर, वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला सोडून जाऊ नको, हात लाव, असं लिहिलं आहे.

मेंढपाळावर काही लिहिणार असाल तर योहान 10 च्या आधी उत्पत्ती 31 आणि 33 वाचा. आणि जवळपास धनगरांचा वाडा उतरला असेल तर विचारून, संध्याकाळी मेंढरं वाघुरीत घेतात त्या वेळी तासभर जाऊन बसा.