सहा म्हणताना दोन चिंचोके

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे पालकांची एक लाट येते, आणि दुसरी दिवाळीनंतर, पहिलीच्या प्रवेशाचं वारं सुटलं की. तक्रार तीच. "मॅडम, शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, एबीसीडी तोंडपाठ आहे. पण साधं बॅट वाचता येत नाही आणि आठ वस्तू धड मोजता येत नाहीत. काही प्रॉब्लेम तर नाही ना?"

अशा बऱ्याच मुलांचा मिळून मी इथे एकच मुलगा केला आहे. त्याला सोनू म्हणू. वय पाच, सिनिअर केजी, आई सोबत फ्लॅशकार्डांचा गठ्ठा घेऊन आलेली.

घरी अभ्यास कसा घेता ते दाखवा, म्हटलं. तिने कार्डं मांडली.

"बोल. बऽ... ॲऽ... टऽ... काय झालं?"

"बअॲटअ."

"अरे, बॅट! रोज तेच सांगते ना?"

"तू बऽ म्हणालीस," सोनू म्हणाला.

मुलगा बरोबर होता. दिलेले तुकडे त्याने प्रामाणिकपणे जोडले होते. तुकडेच चुकीचे होते. मराठीत 'ब' म्हणजे ब् अधिक अ. सुटं व्यंजन तोंडातून काढायची आपल्याला सवय नाही, म्हणून मराठी घरात फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचणं, शिकवताना प्रत्येक आवाजाला एक 'अ' चिकटतो. मग मूल कितीही वेळा जोडो, शब्द जुळत नाही, आणि आपण म्हणतो याचं लक्ष नाही.

यावर उपायही मराठीतच आहे. आपण 'साप' लिहितो, पण शेवटचा प पूर्ण म्हणत नाही. तो पाय मोडूनच उच्चारतो.

"सोनू, साप म्हण. हळू. आता तोंड कसं झालं?"

"बंद."

"तिथेच थांब. तो आवाज या अक्षराचा." मी पी पुढे सरकवला.

आई सवयीने म्हणाली, "हां, म्हणजे पऽ." सोनूने उठून तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "उघडायचं नाही."

हे सुचलं त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. सुटं व्यंजन पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात आधीपासून असतं, शब्दाच्या शेवटी. रस म्हणा, स् मिळतो. पाट म्हणा, ट्. कान म्हणा, न्. इंग्रजी टी आपल्या ट इतका जीभ वळवून म्हणत नाहीत, पण या वयात तेवढं चालतं. याला ॲ आणि इ जोडले की एस, ए, टी, पी, आय, एन ही बहुतेक फोनिक्स वर्गांतली पहिली सहा अक्षरं झाली, आणि त्यांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन निघतात.

पहिला आठवडा मात्र अक्षर दाखवूच नका. दिवसाला दहा मिनिटं, फक्त कानांनी: "क्... आ... न्. ओळख बघू." मराठी शब्दच घ्या, कारण उत्तर जुळल्याचं मुलाला स्वतःला कळतं. मग अक्षरं. सुरुवात सॅट, नॅपने करा. स् आणि न् लांबवता येतात, स्स्स् म्हणत पुढच्या आवाजावर घसरता येतं. प् आणि ट् लांबवता येत नाहीत, म्हणून टॅप, पिन नंतर. मराठी अक्षरांत हा घोळ कमी, कारण नाव तोच उच्चार. तिथेही क-ख-ग-घ हा क्रम धरून बसू नका. न, म, र, ग एवढ्यावर मन, नग, मगर, नगर, गरम होतात.

पुढच्या भेटीत आठ चिंचोके ओळीने मांडले. सोनूने बोट ठेवत मोजले आणि सांगितलं, सात. पुन्हा मोजले, पुन्हा सात. मी त्याचं बोट पाहत होते. पाचपर्यंत सगळं नीट. 'सहा'ला मात्र 'स' एका चिंचोक्यावर पडला आणि 'हा' पुढच्यावर. एक ते पाच एका ठोक्याचे शब्द. सहा दोन ठोक्यांचा, नऊ आणि दहाही. इथेच बोट घसरतं. बॅटमध्ये जास्तीचा अ आला होता, इथे जास्तीचा ठोका. दोन्हीकडे मुलाने ऐकलेलं इमानाने पाळलं होतं.

मी माँटेसरी वळणाची. हाताला कळल्याशिवाय डोक्याला कळत नाही, असं मानणारी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या बालवाड्यांत बिया आणि शिंपले उगाच नव्हते. तेव्हा बोट ठेवणं बंद. दोन वाट्या घ्या, एका वाटीतून उचलून दुसरीत टाका. टप्प आवाज झाला की एक आकडा. स्टीलची वाटी घ्या, प्लॅस्टिकची मुकी असते.

मोजून झालं की वाटीवर ताटली झाका आणि विचारा, "आत किती?" पुष्कळ मुलं झाकण काढून परत एकपासून सुरू करतात. शेवटचा आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे अजून उमगलेलं नसतं. त्याची खरी परीक्षा, "मला चार दे." मूठभर दिले तर रागावू नका, दोन-तीनवर परत या. चार पक्के होईपर्यंत पाच नको.

"पण शाळेत पन्नासपर्यंत लिहून घेतात," आई म्हणाली.

घेऊ देत. घरी वीसपर्यंत पुरे. पुढचे मराठी आकडे तसेही उलटे चालतात: पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा किती थट्टा झाली! मुलांच्या अडचणीकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

पाचव्या भेटीत सोनूने माझ्यासमोर ताटली ठेवून आईला विचारलं, "आत किती?" तिने अंदाजाने सात सांगितले.

"मोजले का?" तो म्हणाला.

घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोके नकोत. नाकात, घशात जातात. त्याऐवजी कपड्यांचे चिमटे घ्या. आणि वारंवार सर्दी होणाऱ्या, कान फुटणाऱ्या किंवा टीव्ही मोठा करणाऱ्या मुलाचे कान आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. स् नीट ऐकूच येत नसेल तर रस कितीही वेळा म्हणवून उपयोग नाही.